होल्डिंग, डबल आणि पायाला लागलेला चेंडू
(व्हॉलीबॉलच्या स्पर्शाचे नियम)



दिवाळी सरली, हलके धान कापून झाले, की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात आणि त्याच सुमारास गावोगावी व्हॉलीबॉलची जाळीही बाहेर निघतात. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या साकोली, तिरोडा, गोरेगाव या तालुक्यांतल्या गावांत या खेळाला फार काही लागत नाही. एखादी सपाट बांधी, दोन बल्ल्या, एक जाळे, आणि चुना नसला तर राखेने आखलेल्या रेषा. चेंडू तेवढा चांगला लागतो, आणि तो बहुधा वर्गणीतून आलेला असतो.

इतक्या स्वस्त खेळातले भांडण मात्र महाग पडते. सामना रंगात आलेला असतो, चौदा-चौदा गुण झालेले असतात, आणि कोणीतरी ओरडतो, "होल्डिंग आहे गा!" दुसरा म्हणतो, "कायचं होल्डिंग? चेंडू तरी फिरला का?" तिसरा मध्येच, "अरे, आधी पायाले लागला, तो फाऊल नाही का?" मग रेषेबाहेर बसलेले सगळे आत येतात. प्रवेश फी परत मागितली जाते. दोन गावांतली पोरे पुढच्या वर्षी एकमेकांच्या मंडईला खेळायला जात नाहीत. असे वाद आम्ही बांधीच्या धुऱ्यावर बसून पुष्कळ ऐकले आहेत, आणि आमचे मत असे झाले आहे की बहुतेक वेळा कोणीच खोटे बोलत नसतो. प्रत्येकजण नियमच सांगत असतो, पण तो ज्या वयात खेळायला शिकला त्या वेळचा नियम सांगत असतो. नियमावली मधल्या काळात पुढे गेलेली असते.

म्हणून या अंकात चेंडूला स्पर्श कसा केला तर चालतो व कसा केला तर चालत नाही, याची थोडी सविस्तर माहिती देत आहोत. जे खेळत नाहीत त्यांनीही वाचावी. पंच म्हणून हाताला धरून उभे करतात ते बहुधा त्यांनाच.

नियम कधी कसे बदलले

हा खेळ १८९५ साली अमेरिकेतील होल्योक या गावी विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने सुरू केला. वाय. एम. सी. ए. या संस्थेमार्फत तो जगभर पसरला व तिच्याच मार्फत आपल्या देशात आला. आपल्या देशाचा व्हॉलीबॉल महासंघ १९५१ साली स्थापन झाला. या जुन्या इतिहासात फार शिरण्याचे कारण नाही. आपल्या भांडणाचा संबंध आहे तो गेल्या पन्नास वर्षांतल्या बदलांशी.

आपल्याच परिसरातल्या सालांवरून हे बदल ध्यानात ठेवता येतात. नागझिरा अभयारण्य जाहीर झाले १९७० साली. त्या वेळी जो तरुण व्हॉलीबॉल खेळत होता, त्याच्या नियमाने ब्लॉक करताना हाताला लागलेला चेंडू हा तीन टचपैकी एक धरला जाई. १९७६ पासून तो धरत नाहीत. ब्लॉकनंतर पुरे तीन टच मिळतात. आज सत्तरीच्या पुढे असलेले काकाजी "ब्लॉकचा एक, म्हणजे आता दोनच राहिले" असे म्हणतात, ते काही मनाचे म्हणत नाहीत.

पुढे १९८४ नंतर सर्व्हिस ब्लॉक करण्यास बंदी आली. त्या काळातला आपल्या देशाचा संघ मोठा नामांकित होता. जिमी जॉर्ज ज्या संघात होते, त्याने १९८६ साली सोल येथील आशियाई खेळांत कांस्यपदक मिळविले. परंतु त्या दिवसांत कमरेच्या खाली चेंडू लागला तर फाऊल होता. नंतर ही मर्यादा गुडघ्यापर्यंत उतरली आणि १९९५ पासून सर्व शरीर मोकळे झाले. डोके, छाती, मांडी, पाऊल, कशालाही चेंडू लागलेला चालतो. नुसता लागलेला नव्हे, मुद्दाम पायाने मारलेलाही चालतो. त्याच साली आणखी एक मोठी सूट मिळाली. पलीकडून आलेला पहिला चेंडू घेताना तो एका हाताला लागून दुसऱ्या हाताला किंवा छातीला लागला, तरी ते एकाच हालचालीत घडले असेल तर डबल धरायचे नाही.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याच सुमारास प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत आली. त्यापूर्वी ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे. आणि २००० सालापासून जाळ्याला घासून पलीकडे पडलेली सर्व्हिस चालू धरली जाऊ लागली. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला २०१३ साली. त्या वर्षी शाळेत खेळायला शिकलेल्या पोराला पूर्वी पाय चालत नव्हता हे कोणी सांगितलेच नसेल, तर त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. एकाच बांधीत आजोबा, बाप आणि नातू उभे राहिले की तीन नियमावल्या एकमेकींसमोर उभ्या राहतात.

यात भर पडते ती "शूटिंग"ची. आपल्या राज्यात खेड्यापाड्यांत शूटिंग आणि पासिंग असे दोन प्रकार बोलले जातात. शूटिंगमध्ये हात जुळवून किंवा मूठ बांधून चेंडू थेट पलीकडे मारण्यावर भर असतो. एकाने बोटांवर चेंडू उचलून द्यायचा व दुसऱ्याने उडी मारून स्मॅश करायचा, हा प्रकार पासिंगचा. दोन्ही खेळ चांगले आहेत, पण त्यांचे नियम वेगळे. शूटिंग खेळून आलेल्या गड्याला बोटांनी उचललेला प्रत्येक चेंडू होल्डिंगच वाटतो. स्पर्धेच्या पत्रकावर "पासिंग" की "शूटिंग" एवढे ठळक छापले तरी अर्धे वाद वाचतील. यापुढे आम्ही लिहितो ते पासिंगविषयी, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांच्या व्हॉलीबॉलविषयी.

होल्डिंग म्हणजे नेमके काय?

सर्वांत जास्त शिट्ट्या वाजतात त्या या फाऊलवर आणि सर्वांत कमी समजलेला फाऊलही हाच. नियम अगदी थोडक्यात आहे: चेंडू पकडायचा नाही आणि फेकायचा नाही. तो शरीराला लागून उडाला पाहिजे, मग कोणत्याही दिशेला उडो. बस्स, एवढेच.

आता यात काय नाही ते बघा. उघडा तळवा चालत नाही, असे यात कुठेही नाही. चेंडू कमरेच्या वर बोटांनी व कमरेच्या खाली मनगटांनीच घ्यावा, असे नाही. चेंडूचा आवाज आला तर फाऊल, असेही नाही. बांधीच्या कडेला बसून जी कारणे दिली जातात त्यांतली निम्मी नियमात नाहीतच.

उघड्या तळव्यांचेच उदाहरण घेऊ. चेंडू पोटाजवळ खाली आला आणि खेळाडूने दोन्ही तळवे वर करून, सुपात धान्य घ्यावे तसा तो घेतला व उचलून टाकला, तर तो होल्डिंग. पण कारण तळवे उघडे होते हे नव्हे. चेंडू हातात थांबला आणि हातांनी त्याला सोबत नेऊन सोडला, हे कारण. तेच तळवे कडक ठेवून चेंडूला चटकन फटका दिला व तो उडाला, तर नियमाने त्यात काही गैर नाही. शिकविणारे मास्तर तळवे उघडू देत नाहीत, मनगटे जोडायला लावतात, ते बरोबरच आहे. उघड्या तळव्यावर चेंडू थांबण्याचा धोका फार. पण मास्तरची शिकवण आणि पंचाचा नियम या दोन गोष्टी आहेत. खराब पद्धतीने खेळलेला चेंडू फाऊल असतोच असे नाही.

लिफ्टरचा चेंडू पाहताना हेच लक्षात ठेवावे. लिफ्टर डोक्यावर चेंडू घेतो तेव्हा बोटे थोडी वाकतात, मनगट थोडे मागे जाते आणि स्प्रिंगसारखे पुढे येते. तेवढा वेळ चेंडू बोटांवर असणारच. पाहायचे ते एवढेच की चेंडू येऊन गेला की येऊन बसला. चेंडू बोटांत आल्यावर खाली खांद्यापर्यंत गेला, क्षणभर विसावला आणि मग वर गेला, तर तो पकडलेला. लिफ्टरने चेंडू घेतल्यावर अंग वळवून दिशा बदलली आणि चेंडू हातांबरोबर फिरला, तर तोही पकडलेला. डोळ्यांना हे दिसते, पण त्यासाठी नजर खेळाडूच्या चेहऱ्यावर किंवा पायांवर न ठेवता हातांवर ठेवावी लागते. आंतरराष्ट्रीय पंचांनाही अशीच सूचना असते: चेंडू शरीराच्या ज्या भागाला लागतो तो भाग पाहा. खेळाडू आधी कसा उभा होता, नंतर कसा पडला, यावर निर्णय देऊ नका. एखादा गडी वाकडातिकडा होऊन, एका गुडघ्यावर बसून चेंडू काढतो तेव्हा दिसायला ते भयंकर दिसते. चेंडू मात्र स्वच्छ निघालेला असतो.

जाळ्याजवळ अलगद बोटांनी टाकलेला चेंडू, ज्याला पोरे "प्लेसिंग" म्हणतात, तोही असाच. बोटांच्या टोकांनी ढकललेला चालतो. हात चेंडूवर ठेवून त्याला ब्लॉकच्या बाजूने फिरवीत नेले व मग सोडले, तर चालत नाही. वाळूवरच्या बीच व्हॉलीबॉलमध्ये उघड्या बोटांची प्लेसिंग मुळीच चालत नाही, तिथे बोटांच्या पेरांनी टोचावा लागतो. टी. व्ही. वर ते सामने पाहून आलेली मुले इथेही तोच नियम लावू पाहतात. तो आपल्या बांधीला लागू नाही.

मोबाइलचाही एक उपद्रव सुरू झाला आहे. कोणीतरी लिफ्टची चित्रफीत घेतो आणि हळू करून सर्वांना दाखवितो, "बघा, किती वेळ हातात आहे!" अहो, हळू केल्यावर कोणताही लिफ्ट हातात थांबलेलाच दिसणार. मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत चित्रफीत पाहून निर्णय बदलण्याची सोय आहे, ती चेंडू रेषेवर पडला का, जाळ्याला हात लागला का, ब्लॉकचे बोट लागले का, अशा गोष्टींसाठी. होल्डिंगचा निर्णय तिथेही पंचाच्या डोळ्यांवरच सोडलेला आहे.

डबल आणि चेंडूची गिरकी

डबल म्हणजे एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा चेंडूला स्पर्श करणे. लिफ्टरचे दोन हात मागेपुढे लागले तरी तो डबल, मग त्यातले अंतर डोळ्याला जेमतेम दिसण्याइतके का असेना. दोन्ही हात एकाच वेळी लागले तर एकच स्पर्श.

हातातून सुटलेला चेंडू गिरकी घेत गेला की चारी बाजूंनी "डबल!" अशी आरोळी उठते. गिरकी ही फारतर खूण आहे. पायाचे ठसे दिसले म्हणजे वाघ दिसला असे आपण म्हणत नाही. दोन हात एका वेळी लागूनही एका हाताचा जोर जास्त पडला तर चेंडू फिरतो. उलट, दोन हात मागेपुढे लागूनही चेंडू न फिरता जाऊ शकतो. सबब, पंचाने हातांवर दोन स्पर्श पाहिले असतील तरच दोन बोटे वर करावीत. चेंडू हवेत गेल्यावर त्याच्या शिवणीकडे पाहून निर्णय देणे बरे नव्हे.

१९९५ ची जी सूट वर सांगितली तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण डबलची बहुतेक भांडणे तिथेच अडतात. सूट फक्त संघाच्या पहिल्या टचला आहे, म्हणजे समोरून सर्व्हिस, स्मॅश किंवा साधा चेंडू आला असता तो घेणाऱ्याला. त्याच्या मनगटाला लागून चेंडू छातीला लागला, किंवा बोटांवर घेताना एक हात आधी लागला, तर खेळ चालू. पण हालचाल एकच हवी. चेंडू मनगटावरून हातभर उडाला आणि त्याच गड्याने पुन्हा हात घालून तो सावरला, तर त्या दोन हालचाली झाल्या, डबल झाला. तसेच ही सूट डबलपुरतीच आहे. पहिला चेंडू म्हणून तो पकडून टाकण्याची मुभा कोणालाही नाही. दुसऱ्या व तिसऱ्या टचला ही सूट नाही, तिथे मनगटाला लागून छातीला लागला की फाऊल.

हा नियमही कायमचा असाच राहील असे नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन मुलींच्या सामन्यांसाठी २०२४ साली असा बदल झाला की दुसऱ्या टचला डबल झाला तरी चेंडू आपल्याच बाजूला राहत असेल तर शिट्टी वाजवायची नाही. आंतरराष्ट्रीय नियमात हे अजून आलेले नाही. तथापि, नुसत्या हौसेखातर खेळणाऱ्यांनी त्याचा विचार करावा असे आम्हांला वाटते, आणि त्याचे कारणही सांगतो. अलीकडे आपल्या गावांत मुली आणि सुनाही संध्याकाळी जाळ्यावर येऊ लागल्या आहेत. नव्याने शिकणाऱ्या हातांतून दर दोन लिफ्टमागे एक डबल होणारच. त्या प्रत्येकावर पुरुष मंडळी आरडाओरडा करू लागली, की त्या मुली आठ दिवस येतात आणि नवव्या दिवशी येत नाहीत. बोटांनी लिफ्ट करणे सोडून सगळ्या जणी मनगटांनीच चेंडू ढकलू लागतात, आणि खेळ तिथेच थांबतो.

तीन टच कसे मोजावेत

तीन टच म्हणजे तीन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. गोंधळ होतो तो काय मोजायचे आणि काय नाही, यात. नकळत लागलेला चेंडूही टच असतो. पाठमोऱ्या गड्याच्या पाठीला लागून चेंडू उडाला तर तो एक झाला. एकाच संघाच्या दोघांचे हात एकदम लागले तर दोन टच मोजावेत, आणि दोघे धावले पण लागला एकाचाच, तर एक. आपले चेंडूवरून अंगावर अंग पडले तर तो फाऊल नव्हे, फक्त अंग दुखते.

जाळ्यात गेलेला चेंडू मेला असे समजून हात खाली सोडणारे पुष्कळ आहेत. जाळ्यात गेलेला चेंडू खेळता येतो, टच शिल्लक असेल तर. जाळ्याचा स्पर्श मोजायचा नाही. मात्र ज्याने तो जाळ्यात मारला त्यानेच पुन्हा मारला तर लागोपाठ दोन स्पर्श होतात आणि डबल होतो. हात दुसऱ्या कोणाचा तरी लागला पाहिजे.

ब्लॉकचे वेगळे आहे. ब्लॉकला लागलेला चेंडू मोजत नाहीत हे वर आलेच. शिवाय ब्लॉक करताना चेंडू एकाच्या बोटांना, मग दुसऱ्याच्या हाताला, मग कपाळाला लागला, तरी ती एकच हालचाल असल्याने चालते. आणि ज्याने ब्लॉक केला त्यालाच पुढचा पहिला टच घेता येतो, त्यात डबल होत नाही. पण ब्लॉक कशाला म्हणायचे? जाळ्याजवळ उभे राहून, जाळ्याच्या वरच्या कडेपेक्षा उंच हात नेऊन चेंडू अडवला तर तो ब्लॉक. पुरुषांचे जाळे २ मीटर ४३ सेंटिमीटर उंच असते व महिलांचे २ मीटर २४ सेंटिमीटर. एखादे लहानसर पोर जाळ्यापाशी हात वर करून उभे आहे, पण त्याची बोटे जाळ्याच्या कडेवर जात नाहीत, आणि चेंडू त्याच्या हाताला लागला, तर तो ब्लॉक नव्हे. तो पहिला टच झाला, दोनच राहिले. बांधीतल्या सामन्यांत या एका गोष्टीवरून "चार टच झाले, नाही झाले" असे किती वेळा होते, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको.

जाळ्यावर दोन्ही संघांच्या गड्यांचे हात एकदम चेंडूवर पडले आणि चेंडू मध्येच दाबला गेला, तर पूर्वी रॅली पुन्हा खेळवीत. आता खेळ चालूच ठेवतात. चेंडू ज्याच्या बाजूला पडेल त्या संघाला नवे तीन टच मिळतात. चेंडू बाहेर गेला तर ज्या बाजूला गेला त्याच्या समोरच्या संघाचा फाऊल.

उंच चेंडू मारण्यासाठी बल्लीला धरून किंवा सोबत्याच्या खांद्यावर हात टेकून उसळी घेणे चालत नाही. उलट, आपला गडी तोल जाऊन जाळ्यावर पडतो आहे असे दिसले तर त्याचा सदरा मागून ओढून त्याला थांबविता येते. पुष्कळ पंचांनाही हे माहीत नसते.

आपल्या जागेचे प्रश्न

नियमावली लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर छत असलेले क्रीडागृह असते. आपल्याकडे मोहाची फांदी असते. फांदीला लागलेला चेंडू नियमाने बाहेर गेला, इतके सरळ आहे. पण फांदी एका संघाच्या डोक्यावर आणि दुसऱ्याच्या नाही अशी जागा असेल, तर पहिल्या सर्व्हिसपूर्वीच दोन्ही कप्तानांनी काय ते ठरवून घ्यावे. आपल्या बाजूच्या फांदीला लागून आपल्याच बाजूला आला तर चालू, असे ठरविले तरी हौशी खेळात बिघडत नाही. ठरविले पाहिजे मात्र आधी. लागल्यावर ठरविले की ते भांडणच.

मैदानाबाहेर, मोकळ्या जागेच्याही पलीकडे गेलेला चेंडू धावत जाऊन परत आणता येतो, नियमाची त्याला हरकत नाही. जंगलाला लागून असलेल्या गावांत दिवस मावळताना एकट्याने झाडीत शिरून असा पराक्रम करू नये. एक गुण गेला तर गेला.

चेंडूची हवा हा तसा किरकोळ वाटणारा पण होल्डिंगशी थेट जोडलेला विषय आहे. चेंडूचा घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर, वजन २६० ते २८० ग्रॅम आणि आतील दाब प्रति चौरस सेंटिमीटर ०.३० ते ०.३२५ किलो असावा, असे नियम सांगतो. हवा कमी असलेला चेंडू बोटांत रुततो आणि चांगल्या लिफ्टरचाही होल्डिंग दिसतो. दगडासारखा भरलेला चेंडू बोटांवरून उसळतो, डबल वाढतात, आणि अंगठे मुरगळतात ते वेगळेच. दवात भिजलेल्या चेंडूचीही तऱ्हा निराळीच. दाब मोजण्याचे यंत्र गावात नसते. दोन्ही कप्तानांनी अंगठ्याने दाबून पाहून होकार द्यावा आणि मग तक्रार करू नये.

पंच नसेल तेव्हा

स्पर्धेत पंच असतो. रोज संध्याकाळच्या खेळात नसतो. तिथे आम्ही पाहिलेली सर्वांत चांगली रीत अशी, की ज्याचा फाऊल त्याने स्वतः सांगायचा. ब्लॉकला बोट लागून चेंडू बाहेर गेला हे सर्वांत आधी त्या बोटाच्या धन्यालाच कळते. जाळ्याला हात लागला हेही. चेंडू खेळण्याच्या हालचालीत जाळ्याला लागलेला हात फाऊल असतो. चेंडूने जाळे ढकलले आणि ते हाताला येऊन लागले, तर नव्हे. होल्डिंग आणि डबल मात्र खेळणाऱ्याला स्वतःला नेहमी कळतातच असे नाही. ते पाहायला एखादा वडीलधारा बल्लीपाशी उभा करावा आणि त्याचा शब्द शेवटचा मानावा. त्याने कडक पाहावे की सैल, हा प्रश्न वेगळा. आमचा अनुभव असा की सैल पंचावर लोक चिडत नाहीत, कडक पंचावरही चिडत नाहीत. पहिल्या सेटमध्ये सैल आणि चौदा-चौदा झाल्यावर कडक, अशा पंचावर मात्र गाव उलटते. सुरुवातीच्या पाच-सात लिफ्टमध्ये जे चालू दिले तेच शेवटपर्यंत चालू द्यावे, आणि दोन्ही बाजूंना द्यावे.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात पोलिसांच्या वतीने वीर बाबुराव शेडमाके यांच्या नावाने व्हॉलीबॉलच्या स्पर्धा झाल्या आहेत. दुर्गम गावांतले संघ अशा ठिकाणी जातात तेव्हा त्यांना आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळावे लागते. घरच्या बांधीत काकाजींच्या नियमांनी खेळून गेलेला संघ तिथे पहिल्याच सामन्यात गोंधळतो. पायाने वाचविता आला असता असा चेंडू सोडून देतो, ब्लॉकनंतर दोनच टचमध्ये घाईने पलीकडे ढकलतो. म्हणून घरीही नव्या नियमांनीच खेळण्याची सवय लावलेली बरी.

पंचाच्या खुणा तरुण मंडळींनी पाठ करून ठेवाव्यात, म्हणजे गलक्यातही निर्णय कळतो. दोन बोटे फाकवून वर केली की डबल. चार बोटे की चार टच. तळवा वर करून हाताचा पुढचा भाग सावकाश उचलला की होल्डिंग. एका हाताची बोटे उभी धरून त्यांवर दुसरा तळवा घासला की चेंडू बाहेर गेला खरा, पण ब्लॉकला लागून गेला. आणि दोन्ही अंगठे उभे केले म्हणजे रॅली पुन्हा खेळायची. बल्लीपाशी उभ्या केलेल्या वडीलधाऱ्याला नीट दिसले नसेल तर त्याने हीच खूण करावी. कोणाचा गुण नाही, सर्व्हिस ज्याची होती त्याचीच.